नावडत्या भाज्या: नक्की काय नावडतं, आणि त्यावर उपाय काय?

वरवंटा (धागाकर्ता)

‘भेंडी नको’, ‘कारलं? बापरे!’, ‘शेपू असेल तर मी बाहेर जेवतो’ ही वाक्यं घरोघरी ऐकू येतात. पण भेंडीतलं नेमकं काय नको, ते कोणी सांगत नाही. तेवढं सांगितलं की निम्मं काम होतं. बुळबुळ नको असेल तर ती घालवता येते, शेपूचा वास डोक्यात जात असेल तर तो बराच उतरवता येतो, आणि कोबीचा कुबट वास तर शेतातून येतच नाही, तो आपल्या गॅसवर तयार होतो.

म्हणून इथे भाजीच्या नावासोबत तक्रारही लिहा: चव (कडू, उग्र, मिळमिळीत), वास, की तोंडात लागणारा पोत (बुळबुळीत, गिळगिळीत, चोथा, खाज). जाणकारांनी कारण आणि उपाय लिहावा, प्रमाण आणि वेळेसकट. ‘आमच्या आजीच्या हातची’ या विषयाला वेगळे धागे आहेत. :)

सुरुवात भेंडीपासून करते.

भेंडीत एक चिकट पदार्थ असतो, म्युसिलेज. तो पाण्यात फुगतो आणि तारा सुटतात. म्हणजे खरा शत्रू पाणी. भेंडी अख्खीच धुवा, फडक्यावर पसरून तासभर वाळू द्या किंवा एकेक पुसून घ्या. चिरल्यावर धुतली की खेळ संपला. सुरी आणि पाटही कोरडा हवा.

पाव किलो भेंडीला दोन मोठे चमचे तेल. चकत्या एक सेंटिमीटर जाडीच्या. पातळ केल्या तर कापलेल्या बाजू वाढतात आणि चीकही जास्त सुटतो. पसरट कढईत तेल चांगलं तापवून मोहरी, जिरं, हिंग, हिरव्या मिरचीची फोडणी करा, भेंडी टाका, आच मध्यमपेक्षा जरा मोठी ठेवा. झाकण ठेवू नका, कारण वाफ झाकणाला लागून पाणी होऊन परत भाजीतच पडते. दर दोन मिनिटांनी एकदा उलथन्याने हलकेच वरखाली करा. दहा-बारा मिनिटांत चकत्यांच्या कडा तांबूस होतात आणि तारा आपोआप तुटतात. आता मीठ घाला, आधी नको. मीठ भाजीतलं पाणी ओढून बाहेर काढतं. उतरवायच्या आधी दोन मिनिटं दोन-तीन आमसुलं किंवा शेवटी लहान चमचाभर लिंबाचा रस. आंबटाने चिकटपणा पातळ होतो.

मंडईकर

उत्तम सुरुवात. फक्त एक जोड: कोवळी भेंडी नसेल तर वरचं सगळं वाया. भेंडीचं टोक अंगठ्याने वाकवा, ‘कट्’ आवाज होऊन मोडलं तर घ्या. वाकून राहिलं, लवलं, तर ती जून. जून भेंडीचा चोथा कोणत्याच कृतीने जात नाही. मंडईत असं टोक मोडताना भाजीवाल्या मावशी ओरडतात हे मान्य, पण एक-दोन मोडून वाटा उचलला तर चालतं.

सांडगी मिरची

झाकण नाही, मीठ शेवटी, भेंडी पुसलेली, तरी तारा येतात. अर्धा किलो भेंडी असते. काय चुकत असेल?

वरवंटा

अर्धा किलो हेच चुकतंय. साधारण दहा इंची कढईत पाव किलोच्या वर भेंडी घातली तर चकत्या एकमेकींवर बसतात, खालच्यांची वाफ वरच्यांत अडकते आणि भाजी परतण्याऐवजी वाफवली जाते. दोन घाण्यांत करा. किंवा पोत बदला: भेंडी उभी चिरून चार तुकडे, त्यावर तांदळाची पिठी आणि बेसन प्रत्येकी एक चमचा, तिखट, मीठ अगदी शेवटच्या क्षणी, आणि लगेच तळण. कुरकुरीत भेंडी खाणाऱ्याला ती भेंडी आहे हे मान्य करायला जड जातं, पण एकदा चव ओळखीची झाली की मग साध्या परतलेल्या भाजीपर्यंत येता येतं.

तिरफळ

आमच्याकडे उलटा उपाय असतो: बुळबुळ घालवायची नाही, कामाला लावायची. ताकातल्या भेंडीत तीच बुळबुळ ताक दाट करते आणि ती चिकट न लागता साईसारखी लागते. भेंडी आधी तेलात पाच-सहा मिनिटं परतून घ्या, मग दोन वाट्या आंबट ताकात एक मोठा चमचा बेसन घोटून ते ओता, मंद आचेवर सतत ढवळत उकळी येऊ द्या. उकळी येण्याआधी ढवळणं थांबलं की ताक फुटतं. बेसन त्यासाठीच आहे.

काळा मसाला

कारल्यावर लिहितो. इथे तक्रार एकच, कडू. पण कडूची मात्रा आपल्या हातात असते.

कारल्याची कडू द्रव्यं सालीत आणि गरात दोन्हीकडे असतात, त्यामुळे फक्त साल खरवडून फारसं साधत नाही. खडबडीत कंगोरे हलके खरवडा, त्याने पोत बरा होतो. पाव किलो कारली, मधून चिरून बिया आणि पांढरा गर काढा (जून बिया टणक लागतात), दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करा, लहान चमचाभर मीठ चोळून अर्धा तास ठेवा. मग मुठीत घेऊन पिळा. हिरवट पाणी निघतं, त्याबरोबर बराच कडूपणाही जातो.

मीठ दोन कामं करतं. एक, पाणी ओढतं. दुसरं, मिठातलं सोडियम जिभेवर कडू चव दाबतं. ब्रेसलिन आणि बोशां या संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये हेच दाखवलं की मीठ कडवटपणा दाबतं आणि त्यामुळे बाकीच्या चवी वर येतात. म्हणून अळणी कारलं जास्त कडू लागतं. ‘रक्तदाबामुळे मीठ कमी’ असलेल्या घरात कारलं सगळ्यात नावडतं असण्यामागे हेही एक कारण असू शकेल, असा माझा अंदाज.

चिंच-गुळाची भाजी: वरच्या पाव किलोला तेल तीन मोठे चमचे, फोडणीत मोहरी, हिंग, हळद, मेथीचे चार-पाच दाणे. पिळलेल्या चकत्या झाकण न ठेवता मंद आचेवर पंधरा मिनिटं परता, मऊ होईपर्यंत. त्यानंतर लहान लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ, दोन-तीन मोठे चमचे गूळ, एक चमचा काळा मसाला, तीन मोठे चमचे दाण्याचं कूट, एक चमचा भाजलेल्या तिळाचं कूट. मीठ चाखून मगच घाला, चोळलेलं थोडं आत राहिलेलं असतं.

क्रम महत्त्वाचा. चिंच आधी टाकली तर कारलं कितीही शिजवा, कचवटच राहतं. आंबटात भाजीच्या पेशींना जोडणारं पेक्टिन लवकर विरघळत नाही. हाच नियम डाळींनाही.

सांडगी मिरची

पण पिळून सगळं गुणकारी पाणी टाकून दिलं तर कारल्यात राहिलं काय? मग खायचंच कशाला?

काळा मसाला

पिळल्याने पाण्यात विरघळणारी काही जीवनसत्त्वं आणि खनिजं जातात हे खरं. पण जे कारलं पानात तसंच राहतं, त्यातून शून्य मिळतं. सुरुवातीला पूर्ण पिळा. भाजी पानातून संपायला लागली की मीठ लावायची वेळ अर्ध्या तासावरून पंधरा मिनिटांवर आणा, मग नुसतं धुऊन घ्या. गुळाचंही तसंच, तीन चमचे, मग दोन, मग एक. जीभ हळूहळू ती चव गोडासोबत ओळखायला शिकते आणि मग गोड कमी झालेलं जाणवत नाही. एकदम गूळ बंद केला तर मात्र पुन्हा पहिल्यापासून.

पेट्री डिश

इथे एक गोष्ट विसरली जातेय. प्रत्येकाची जीभ सारखी नसते. १९३१ साली आर्थर फॉक्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पीटीसी नावाची भुकटी उडाली. शेजारच्या सहकाऱ्याला ती भयंकर कडू लागली आणि फॉक्सला काहीच लागली नाही. तिथून हा विषय सुरू झाला. आज माहीत आहे की टास२आर३८ या जनुकाच्या प्रकारांवर हा फरक मोठ्या प्रमाणात ठरतो. कोबी, मुळा, मोहरीचा पाला, ब्रोकोली यांत त्याच रासायनिक कुळातली द्रव्यं आहेत. म्हणजे एकाच ताटातला मुळा एकाला सौम्य आणि दुसऱ्याला कडवट लागू शकतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. ‘नखरे’ म्हणण्याआधी एवढं लक्षात असावं.

कोथिंबिरीचंही तसंच. तिच्या वासात अल्डिहाइड नावाची द्रव्यं असतात, तीच साबणात आणि काही किडींच्या वासात सापडतात. २०१२ साली झालेल्या जनुकीय अभ्यासात वास ओळखणाऱ्या ओआर६ए२ या जनुकाजवळच्या एका बदलाशी ‘कोथिंबीर साबणासारखी लागते’ या तक्रारीचा संबंध दिसला. पण जनुक सगळं ठरवत नाही. अशा माणसाला वरून भुरभुरलेली कोथिंबीर देऊ नका, चटणी द्या. पानं वाटली की त्यांच्यातलीच एन्झाइम्स ती अल्डिहाइड्स हळूहळू मोडतात. वाटून अर्धा तास ठेवलेली, लिंबू-मिरची-दाण्याची चटणी बऱ्याच जणांना चालते.

भाजणी

मुळा आणि कोबी दोन्हीचं नाव निघालंय तर लिहूनच टाकते.

मुळ्याचा उग्रपणा अख्ख्या मुळ्यात नसतो. कापला, किसला की त्यातलं एन्झाइम कामाला लागतं आणि झणझणीत द्रव्य तयार होतं. सालीजवळ जास्त. म्हणून जाड साल काढा, किसा, अर्धा चमचा मीठ लावून दहा मिनिटांनी पिळा, मग दही, दाण्याचं कूट आणि हिंग-मोहरीची फोडणी. पिळलेलं पाणी थालीपिठाच्या पिठात चालतं. शिजवलेला मुळा उलट गोडसर लागतो, कारण उष्णतेने ते एन्झाइम निकामी होतं. ज्यांना कोशिंबीर सहन होत नाही त्यांनी मुळ्याची डाळ घालून भाजी किंवा सांबार करून बघावं.

कोबी. याचा कुबट वास जास्त शिजवल्याने येतो. गंधकाची द्रव्यं मोडून हायड्रोजन सल्फाइड वगैरे वायू सुटतात, आणि जितका वेळ शिजवाल तितके जास्त. आपल्याकडे चूक कुठे होते सांगते: चणाडाळ घालून कोबी करतात, डाळ कच्ची राहते म्हणून झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं शिजवत बसतात. डाळीसाठी कोबीचा बळी. डाळ दोन तास भिजवा, वेगळी उकडून बोटचेपी करा (पिठूळ नको), मग बारीक चिरलेल्या कोबीत घालून मोठ्या आचेवर झाकण न ठेवता सहा-सात मिनिटं. कोबी दाताखाली किंचित कुरकुरीत राहायला हवा.

चिऊकाऊ

मूल अडीच वर्षांचं. भाजी बघूनच तोंड फिरवतं. लपवून द्यावी का? पराठ्यात, पुरीत वगैरे?

बालवाडी

चिऊकाऊ ताई, अडीच वर्षं म्हणजे ऐन नको-नकोचं वय. साधारण दोन ते सहा वर्षांत मुलांना नव्या अन्नाची भीती सगळ्यात जास्त असते. त्याला निओफोबिया म्हणतात. चालायला लागलेल्या पोराने दिसेल ते तोंडात घालू नये, म्हणून निसर्गानेच केलेली सोय असावी असं काही अभ्यासक म्हणतात.

लपवायला हरकत नाही, पोषण मिळतं. पण लपवलेल्या पालकातून पालक ओळखीचा होत नाही. ओळख व्हायची तर दिसला पाहिजे, चाखला पाहिजे. त्यामुळे दोन्ही करा, पण वेगवेगळं समजून.

लेअन बर्च आणि इतर अनेकांच्या अभ्यासांतून निघालेला आकडा असा की नवीन पदार्थ साधारण आठ ते पंधरा वेळा चाखला गेल्यावर मुलांना तो आवडायला लागतो. बहुतेक घरांत तीन-चार वेळांनंतर ‘याला आवडत नाही’ असा शिक्का बसतो. करायचं कसं:

एका वेळी एकच नवी भाजी, वाटाण्याएवढा घास, आणि जेवणाच्या सुरुवातीला, भूक असताना. शेवटी दिली तर पोट भरलेलं असतं. सोबत ओळखीचा वरणभात असू द्या. भाजीचा प्रकार दर वेळी बदलू नका. आज गाजराची कोशिंबीर, उद्या गाजराचा सूप, परवा परतलेलं गाजर असं केलं तर मुलाच्या लेखी ते तीन वेगळे पदार्थ, मोजणी पुन्हा शून्यावर. दोन-तीन दिवसांच्या अंतराने द्या. थुंकलं तरी चालेल, चाखलं म्हणून मोजायचं.

‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ हे टाळाच. त्यातून मूल शिकतं की चॉकलेट फार भारी आणि भाजी म्हणजे ते मिळवण्यासाठीची शिक्षा. जबरदस्तीने भरवलेल्याचाही परिणाम उलटाच होतो.

पेट्री डिश

+१. आणि सुरुवात याहूनही आधी होते. ज्यूली मेनेला आणि सहकाऱ्यांच्या २००१ सालच्या अभ्यासात ज्या आयांनी गरोदरपणी किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस प्यायला होता, त्यांच्या बाळांनी गाजराच्या चवीचं अन्न पहिल्यांदा दिलं तेव्हा तोंड कमी वाकडं केलं. चवी दुधातून जातात.

मोठ्यांच्या बाबतीत एक वेगळी भानगड असते. एखादा पदार्थ खाल्ला, काही तासांनी उलट्या झाल्या, मग तो पदार्थ कायमचा नकोसा होतो, मग आजाराचं कारण दुसरंच असलं तरीही. जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांवर हे दाखवलं. हा तिटकारा समजावून जात नाही. रूप बदलून, अगदी थोडं, बऱ्याच महिन्यांनी परत सुरू करावं लागतं. वांग्याच्या रश्श्याने झालं असेल तर रस्सा नकोच, काप करा.

अळकुडी

अळूची कोणी आठवण काढली नाही म्हणून राग आलाय. :)

तक्रार: घशाला खाज. कारण अळूच्या पानांत, देठांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांच्या जुड्या असतात. कच्चं किंवा अर्धकच्चं राहिलं की त्या टोचतात. म्हणजे ‘अळू आवडत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण कधीतरी नीट न शिजलेलं अळू खाऊन बसलेले असतात.

पहिली गोष्ट, पान बरोबर निवडा. वडीचं अळू वेगळं (देठ काळपट-जांभळे, पान जाडसर), फदफद्याचं वेगळं (देठ हिरवे). हाताला आधी तेल किंवा चिंच लावा.

वडी: दहा-बारा मध्यम पानं. देठ काढा, पाठीवरची जाड शीर सुरीने तासून पानाच्या पातळीला आणा, मग लाटणं फिरवा. बेसन दीड वाटी, तांदळाची पिठी दोन चमचे, लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी पाण्यात कोळून, गूळ दोन-तीन चमचे, तिखट, गोडा मसाला, तीळ, मीठ. पीठ इतकं घट्ट की पानाला लावल्यावर ओघळू नये. पानाची शिरांची बाजू वर, त्यावर पीठ, त्यावर उलट दिशेने दुसरं पान, असे पाच-सहा थर. कडा दुमडून घट्ट गुंडाळी. वीस ते पंचवीस मिनिटं वाफवा, सुरी घालून बघा, स्वच्छ निघाली पाहिजे. पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम कापली की वडी उलगडते. मग तळा किंवा परता.

सात-आठ थर लावून जाड उंडा केला की मधलं पान नीट शिजत नाही आणि तिथेच खाज राहते. वडीवर बाहेरून कितीही खमंग तळण झालं तरी.

सांडगी मिरची

चिंच घातली की खाज जाते, हे खरं की नुसती समजूत? कॅल्शियम ऑक्झलेट चिंचेच्या पाण्यात विरघळतं का?

पेट्री डिश

चांगला प्रश्न. चिंचेच्या आंबटपणाने त्या सुया सगळ्या विरघळून जातील एवढी ताकद चिंचेत नसते, आणि नुसत्या पाण्यातही त्या जवळपास विरघळत नाहीत. खाज फक्त सुईची नसून सुयांसोबत असलेल्या प्रथिनं मोडणाऱ्या एन्झाइम्सचीही असते असं अळूवर झालेल्या कामातून दिसतं, आणि उष्णतेने ती एन्झाइम्स निकामी होतात. त्यामुळे मुख्य उपाय पूर्ण शिजवणं. चिंच ही त्याची जोडीदार आहे, बदली नाही. चिंच भरपूर आणि शिजवणं कमी, असं केलं तर खाजणारच.

मूतखड्याचा, विशेषतः ऑक्झलेटच्या खड्याचा, त्रास असेल त्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच अळू खावं. शिजवल्याने खाज जाते, सगळं ऑक्झलेट जात नाही.

अळकुडी

मान्य. फदफद्यात हेच लागू. तिथे अजून एक गडबड होते: अळूसोबत आंबट चुका, चणाडाळ आणि दाणे सगळं एकत्र कुकरला लावतात. चुक्याच्या आंबटात डाळ-दाणे शिजत नाहीत (वर काळा मसाला यांनी लिहिलंय तेच). डाळ आणि दाणे चार तास भिजवून वेगळ्या भांड्यात, अळू-चुका वेगळ्या भांड्यात, कुकर एकच, तीन शिट्ट्या. मग अळू रवीने घोटा, दोन चमचे बेसन लावा, डाळ-दाणे, मुळ्याच्या चकत्या, खोबऱ्याचे काप, गूळ, आणि फोडणी. दहा मिनिटं उकळा.

मंडईकर

शेपूवाले कुठे गेले? वास उग्र म्हणून नाकारतात. त्यात कार्व्होन आणि लिमोनिन ही उडून जाणारी तेलं आहेत. उडून जाणारी, म्हणून झाकण काढा, झालं. जुडीतले जाड देठ टाका, कोवळी पानं बारीक चिरा. लसूण सढळ, आठ-दहा पाकळ्या ठेचून तेलात तांबूस करा, सुकी मिरची, अर्धा तास भिजवलेली मूगडाळ अर्धी वाटी, ती दोन-तीन मिनिटं परतून मग शेपू. आठ मिनिटं उघडं. सुरुवातीला निम्मा शेपू निम्मा पालक किंवा चाकवत घ्या. त्यातही नको म्हणाले तर भाजणीच्या थालीपिठात, एका वाटी भाजणीला मूठभर. शेपूला थालीपिठात विरोध करणारे फार कमी.

तिरफळ

थोडं विषयांतर, पण हेच तत्त्व माशालाही लागतं. समुद्रातल्या माशाचा हिवसट वास ट्रायमिथाइलअमाइनचा, ते अल्कधर्मी, म्हणजे आंबटाच्या उलट गुणाचं असतं. आंबट लागलं की त्याचं क्षारात रूपांतर होतं आणि मग ते हवेत उडत नाही. म्हणून मीठ, हळद, आणि आमसुलाचं आगळ किंवा लिंबू लावून दहा-पंधरा मिनिटं. जास्त वेळ ठेवला तर मांस पांढरं पडून कोरडं होतं. बांगड्याला तिरफळ. गोड्या पाण्यातल्या रोहू-कटल्याला वास येतो तो वेगळा, चिखलाचा, त्याचं कारण जिऑस्मिन. पण आंबट तिथेही उपयोगी, आंबटात ते मोडतं.

भाजणी

भाज्यांवर राहू या, तिरफळ! माशांचा वेगळा धागा काढा, तिथे येतेच.

सगळ्यांसाठी एक सावधगिरी मात्र लिहायलाच हवी. ‘कडू आहे, पण मन मोठं करून खाऊ’ हे कारल्याला आणि मेथीला ठीक. दुधी, दोडका, घोसाळं, काकडी, पडवळ, कलिंगड कडू लागलं तर लगेच थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. त्यात कुकुरबिटासिन वाढलेलं असतं, ते शिजवूनही जात नाही, आणि त्याने उलट्या, जुलाब, रक्तस्राव होऊन माणसं दगावलेली आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या तज्ज्ञ समितीनेही कडू दुधीचा रस पिऊ नये असं सांगितलंय. दुधी चिरताना टोकाचा छोटा तुकडा कच्चाच जिभेला लावून बघा, मगच कढईत. कडू हिरवा बटाटाही त्याच गटातला, त्यात सोलानिन असतं.

आणि वांगं, टोमॅटो, कसलंही फळ खाल्ल्यावर ओठ सुजणं, जीभ-घसा खाजणं, अंगावर पित्त उठणं, हा नावडण्याचा भाग नाही. ती ॲलर्जी असू शकते. तिथे ‘पंधरा वेळा चाखा’ हा नियम अजिबात लावू नये.

काळा मसाला

महत्त्वाचं लिहिलंत. वरच्या पोस्टमध्ये हे ठळक करून टाका, वरवंटा.

वांग्याचं दोन ओळींत: गिळगिळीत लागतं कारण त्याचा गर स्पंजासारखा, हवेने भरलेला असतो, आधी तेल पितो, नंतर लोळागोळा होतो. चकत्यांना मीठ लावून वीस मिनिटं ठेवलं, पुसून घेतलं की स्पंज बसतो आणि तेल कमी लागतं. भरीत करणार असाल तर आकाराच्या मानाने हलकं वांगं निवडा, बिया कमी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात गर भरपूर आणि बिया कमी. आचेवर ठेवण्याआधी सुरीने चार ठिकाणी टोचा, नाहीतर फुटतं. पूर्ण मऊ झाल्यावर चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. भरीत पाणचट लागतं ते हे निथळवणं चुकवल्याने.

सांडगी मिरची

सुरणाचं काय? ते अळूसारखंच खाजतं ना? काप करायचे असतील तर आधी उकडावं की थेट तळावं?

अळकुडी

आधी उकडा. हाताला तेल लावून जाड साल काढा, दीड सेंटिमीटरचे काप, पाच-सहा आमसुलं आणि चमचाभर मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं. सुरी सहज आत जायला हवी, पण काप फुटता कामा नये. पाणी फेकून द्या. काप फडक्यावर कोरडे करून तिखट, हळद, आमसुलाचं आगळ लावा, रव्यात घोळवा, तव्यावर दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटं. मंडईत ‘गजेंद्र’ वाणाचा सुरण मिळाला तर तो घ्या, तो मुळातच फारसा खाजत नाही. विक्रेत्याला वाण माहीत नसेल तर नुकताच खणलेला घेण्यापेक्षा काही आठवडे ठेवलेला घ्या. एकदम अख्ख्या किलोचे काप करू नका. एक काप उकडा, थोडासा चाखा, पाच मिनिटं थांबा. घसा शांत राहिला तर बाकीचे.